निरोप पोचला, अर्थ उलटला

मला नभोवाणीवर बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलण्यासाठी. आज मात्र मी एका यंत्राचा इतिहास सांगणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारतो. तेव्हा यंत्राविषयी मी बोलावं हे कुणाला धाडसाचं वाटेल. पण हे यंत्र म्हणजे भिंतीवर बसवलेली तळहाताएवढी डबी आहे, आणि तिनं 2023 च्या जुलै महिन्यात माझ्या चोवीस दिवसांच्या नातीचा जीव कासावीस केला होता. त्यामुळे तिची कुळकथा काढणं मला भाग पडलं. या डबीला थर्मोस्टॅट म्हणतात.

माझी लेक अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॅले शहराजवळ राहते. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं सोलापूरहून गेलो होतो. तिकडच्या पुष्कळ घरांत एकच यंत्र हिवाळ्यात घर उबदार ठेवतं आणि उन्हाळ्यात थंडही करतं. त्याला हीट पंप म्हणतात. त्याचा एक भाग घरामागे अंगणात, दुसरा माळ्यावर, आणि दोघांना हुकूम सोडणारा थर्मोस्टॅट दिवाणखान्याच्या भिंतीवर.

रात्री बाळासाठी उठावं लागे, तेव्हा पांघरुणातूनच फोनवर गारवा कमी-जास्त करता यावा म्हणून जावयानं एका शुक्रवारी संध्याकाळी जुना थर्मोस्टॅट काढून नवा बसवला. पोरगा हुशार आहे. तारा नीट लावल्या, डबी उजळली, आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. रात्री पाऊस पडला, बाहेरच गारवा होता, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता घरात 84 अंश होते, म्हणजे आपल्या हिशेबानं 29. दुपारी दोन वाजता 91, म्हणजे जवळजवळ 33. डबीवर मात्र आम्ही मागितलेले 74 अंश स्वच्छ दिसत होते आणि शेजारी थंडाव्याची खूणही निळी होऊन चमकत होती.

तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या माणसाला 33 अंशांचं काय एवढं? आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. खरं आहे. पण आमच्या घराला जाड भिंती आहेत, खिडक्या समोरासमोर आहेत, आणि हवा कोरडी आहे. ते घर लाकडी आणि बंदिस्त, त्यात बाहेरची हवा दमट. आमच्या हिनं दोन चादरी ओल्या करून दाराला लावल्या. सोलापुरात या उपायानं खोली गार होते. तिथं चादरी वाळेचनात, उलट घर अधिकच कुबट झालं. नात लालबुंद झाली, दूध ओढेना. लेकीच्या अंगात अजून बाळंतपणाचा अशक्तपणा होता. शेवटी मायलेकींना शेजारच्या घरी पाठवलं.

जावयानं फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ होता. विजेचे ब्रेकर पाहिले, ठीक होते. अंगणातलं यंत्र तर घरघरत होतं. थोडा वेळ चालायचं, बंद पडायचं, पुन्हा चालायचं. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, यंत्र पंधरा वर्षांचं आहे, गॅस गेला असेल किंवा कॉम्प्रेसर बसला असेल. सोमवारी येतो, पण नवं घ्यायची तयारी ठेवा. दहा-बारा हजार डॉलर लागतील. बाळासाठी बिनपगारी रजा घेतलेला तो पोरगा पायरीवर डोकं धरून बसला. "अब्बा, मीच हात लावला आणि घालवलं," म्हणाला.

इथं थोडं थांबून या डबीचा इतिहास सांगतो. चूक कुठं होती ते त्याशिवाय कळणार नाही.

उष्णतेवर आपोआप नजर ठेवणारी युक्ती तशी जुनी आहे. 17 व्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिरानं इंग्लंडमध्ये अंडी उबवण्याची पेटी केली होती. तिच्यातली ऊब वाढली की पारा सरकायचा आणि विस्तवाला मिळणारी हवा कमी व्हायची. पुढे 1830 साली अँड्र्यू ऊर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून एक उपकरण केलं. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, त्यामुळे जोडपट्टी वाकते; त्या वाकण्यानं झडप उघडायची किंवा मिटायची. थर्मोस्टॅट हे नाव त्यानंच वापरलं. ग्रीक शब्दांपासून केलेल्या या नावाचा सरळ अर्थ, उष्णता स्थिर ठेवणारा.

पण भिंतीवरच्या डबीची खरी गोष्ट सुरू होते ती एका मास्तरांपासून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी शिक्षकांचं प्रशिक्षण देणारी एक शाळा होती. वॉरन जॉन्सन तिथं शिकवत. तळघरात भट्टी, तिची गरम हवा वर्गांत येई. कुठल्या वर्गात किती ऊब आहे हे तळघरातल्या शिपायाला कळावं कसं? तो दर थोड्या वेळानं वर्गात यायचा, तापमापक पाहायचा, खाली जाऊन झडप हलवायचा. शिकवण्यात सारखा खंड पडे. जॉन्सननी विजेवर चालणारी युक्ती काढली आणि 1883 साली तिचं पेटंट घेतलं. वर्गात ऊब कमी-जास्त झाली की तळघरात इशारा मिळे आणि शिपाई झडप हलवी. लक्षात घ्या, हा थर्मोस्टॅट स्वतः काहीच करत नव्हता. तो नुसता निरोप्या होता. काम माणूसच करत होता.

दोनच वर्षांनी, 1885 मध्ये, मिनियापोलिस शहरात आल्बर्ट बुट्झ या मूळच्या स्विस माणसानं पुढचं पाऊल टाकलं. खोली गार झाली की छोटी मोटर फिरे, साखळी ओढली जाई, कोळशाच्या भट्टीची झडप उघडे आणि हवा लागून विस्तव फुले. खोली तापली की झडप मिटे. तळघरातल्या माणसाची आता गरज उरली नाही.

हे सारं वाचताना मला माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, आठवले. आम्ही पखाली. भिस्ती म्हणा. इंग्रजी अमदानीत दादा पुण्याच्या लष्कर भागात एका साहेबाच्या बंगल्यावर पाणी भरत. उन्हाळ्यात दाराखिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या लावत आणि त्या सतत ओल्या ठेवायच्या असत. ही रीत काही साहेबानं आणलेली नव्हे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या तट्ट्यांचा उल्लेख आहे, सोऱ्यानं पाणी गार करण्याची रीतही आहे. वारा ओल्या वाळ्यातून आत येतो, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि खोली गार होते. आत साहेब घंटा वाजवी, बाहेर दादा तट्टीवर पाणी मारत. व्हाइटवॉटरच्या शाळेतला शिपाई आणि पुण्याच्या बंगल्यावरचा पखाली यांचं काम एकच होतं. इशारा आला की हात चालवायचा. फरक इतकाच की दादा ओल्या हातानं वाऱ्याचा अंदाज घेत. चुकून भलतं काही झालं असतं, तर ते त्यांना घंटेआधी कळलं असतं.

डबीला तसं कळत नाही. तिला आकडा कळतो, पण आपल्या निरोपाचं पुढे काय झालं ते कळत नाही.

बुट्झनंतर डबी घरोघर गेली. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगत आणि रंग एकावर एक बसत नसत, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरनं हवेचा ओलावा काढणाऱ्या यंत्राचा आराखडा केला. तिथून आजच्या वातानुकूलनाची वाट सुरू झाली. 1953 साली हेन्री ड्रेफस यांनी आकार दिलेला हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट बाजारात आला. आत दोन धातूंची गुंडाळी आणि काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब. गुंडाळी वळली की कुपी कलंडे, पारा घरंगळे आणि तारा जोडल्या जात. चकती फिरवा आणि विसरा. लहान मुलालाही कळावं असं ते साधन होतं.

आता हीट पंपाकडे वळू. त्याची कल्पना ऐकून मला तर आमचा पिढीजात धंदाच आठवला. हीट पंप उष्णता तयार करत नाही आणि थंडीही तयार करत नाही. तो पखाली आहे. एका जागी उष्णता भरून घ्यायची आणि दुसऱ्या जागी ओतायची. नळ्यांतून फिरणारा वायू ही त्याची पखाल. उन्हाळ्यात घरातली उष्णता भरून अंगणात ओततो, हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेतूनही उष्णता गोळा करून घरात ओततो. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनी 1852 साली हा विचार मांडला. चारेक वर्षांत ऑस्ट्रियातल्या एबेन्झे इथल्या मिठाच्या कारखान्यात पेटर फॉन रिटिंगर यांनी खारं पाणी आटवण्यासाठी असं यंत्र उभं केलं. 1938 साली झुरिकच्या नगरसभागृहात, शेजारून वाहणाऱ्या लिमाट नदीतली उष्णता उचलून इमारत उबदार करणारा हीट पंप बसला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरगुती हीट पंप मिळू लागले आणि 1973 च्या तेलटंचाईनंतर त्यांची मागणी वाढली. जिथं हिवाळा फार कडक नाही अशा दक्षिणेकडच्या राज्यांत ते चांगलेच रुळले.

पखाल कुठून भरायची आणि कुठं ओतायची, हे बदलायला यंत्रात एक झडप असते. तिच्यापर्यंत थर्मोस्टॅटमधून एक बारीक तार जाते. या सगळ्या तारांत 24 व्होल्टची सौम्य वीज असते आणि प्रत्येकीला एक इंग्रजी अक्षर ठरलेलं आहे. आर म्हणजे वीज आणणारी, सी परतीची, वाय कॉम्प्रेसरची, जी पंख्याची. झडपेच्या तारेला मात्र दोन अक्षरं आहेत: ओ आणि बी.

सारा घोळ या दोन अक्षरांत आहे. बहुतेक कारखानदारांनी ठरवलं की तारेत वीज सोडली म्हणजे झडपेनं थंडाव्याकडे वळावं. ही ओ पद्धत. काही थोड्यांनी ठरवलं की वीज सोडली म्हणजे झडपेनं उबेकडे वळावं. ही बी पद्धत. तार तशीच, वीज तितकीच, झडप तशीच. अर्थ मात्र नेमका उलटा. जुन्या डब्यांवर ओ आणि बी यांच्या जागा वेगळ्या असत, म्हणून तार कुठल्या जागी लावली यावरूनच अर्थ ठरे. नव्या डब्यांत बऱ्याचदा दोघांना मिळून एकच जागा असते, आणि यंत्र कुठल्या पद्धतीचं आहे ते आपण पडद्यावर निवडून सांगायचं असतं. न सांगितलं तर बऱ्याच डब्या ओ गृहीत धरतात.

लहानपणी आमच्या गल्लीतल्या नळावर असाच एक प्रसंग घडला होता. आमची फूफी नुकतीच हैदराबादेहून आली होती. रांगेत ती म्हणाली, "मेरा घडा खाली है." शेजारच्या काकू म्हणाल्या, "खालीच आहे की, मग उचला ना." फूफीच्या उर्दूत खाली म्हणजे रिकामा, काकूंच्या मराठीत खाली म्हणजे जमिनीवर. दोघींनीही शब्द बरोबर ऐकला होता. त्या दिवशी हसण्यावर निभावलं. पण घरात दखनी आणि कागदावर मराठी अशा दोन भाषांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे की दर वेळी हसण्यावर निभावत नाही.

तर पुन्हा त्या शनिवारकडे. घरात जीव घुसमटायला लागला म्हणून मी मागच्या अंगणात गेलो आणि सावली पाहून त्या घरघरणाऱ्या यंत्राशेजारी उभा राहिलो. वरून अंगावर वारा आला. गार वारा! मला आधी बरंच वाटलं. मग विचित्र वाटलं. सोलापुरात बाजारातून जाताना दुकानांच्या एसीचे बाहेरचे डबे अंगावर गरम फुंकर मारतात, हे रस्त्यानं चालणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मग हे यंत्र बाहेर गारवा का सोडतंय?

मी जावयाला हाक मारली. त्यानं यंत्रातून घरात जाणाऱ्या जाड नळीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. ती गार हवी होती. ती तापली होती. आमचा पखाली बेइमान झाला नव्हता, थकलाही नव्हता. तो इमानानं अंगणातली उष्णता भरभरून घरात आणून ओतत होता. त्या अवेळी कामाचा ताण आल्यामुळेच तो मधून मधून बंद पडत असणार. आणि भिंतीवरची डबी? घर तापलेलं पाहून ती 'थंड कर, थंड कर' असा निरोप पाठवत होती. घर जितकं तापे तितका ती धोशा लावी, आणि ती जितकी सांगे तितकं घर तापे. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. यंत्रांचं सोडा, माणसामाणसांतही मी हे पाहिलं आहे. अर्थ उलटा लागलेला असला की समजूत घालणारा जितकं बोलेल तितका समोरचा पेटत जातो.

जावयानं कचऱ्याच्या डब्यातून जुना थर्मोस्टॅट काढला. झडपेची तार ज्या जागी होती तिथं नखाएवढं अक्षर होतं: बी. कुणाचीच चूक म्हणावी अशी नव्हती. जुनी डबी काढताना पंधरा वर्षांपूर्वीचा एक करार तिच्याबरोबर कचऱ्यात गेला होता, इतकंच. नव्या डबीच्या पडद्यावर ओ होतं, त्याचं बी केलं. यंत्र पाच मिनिटं गप्प राहिलं. दाब उतरावा म्हणून तेवढा वेळ द्यावाच लागतो. आमचा मात्र श्वास अडकला होता. मग बाहेर खटका वाजला, आणि थोड्या वेळानं छताजवळच्या झरोक्यातून गार हवेची पहिली झुळूक आली. रात्री आठ वाजता घर 78 अंशांवर आलं होतं. मायलेकी परतल्या. नात पोटभर दूध प्याली आणि झोपली. दुरुस्तीवाल्याला सोमवारी येऊ नका म्हणून कळवलं.

ज्यांची मुलंबाळं अशा मुलखात आहेत, त्यांच्यासाठी त्या दिवशी शिकलेलं चार वाक्यांत सांगतो. डबी बदलण्याआधी ब्रेकर बंद करा आणि जुन्या तारांचा अक्षरांसकट फोटो काढून ठेवा. रंगावर विसंबू नका. निळी तार एका घरात झडपेची असते, तर दुसऱ्या घरात परतीची. काही जुन्या यंत्रांत तर खुद्द बी या अक्षराचाच अर्थ परतीची तार असा आहे, म्हणून यंत्राबरोबर आलेला तारांचा नकाशा पाहावा. बदलानंतर काहीच चालत नसेल, तर तारा एकमेकींना चिकटून यंत्रातला छोटा फ्यूज उडालेला असू शकतो. पण सगळं चालत असून घर तापत असेल, तर आधी बाहेरच्या यंत्रावर हात धरा: गार वारा येत असेल तर अर्थ उलटला आहे. आणि तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस घरात असेल, तर दोष शोधत बसण्याआधी त्यांना गार जागी हलवा.

मला राहून राहून दादांचं वाटतं. त्यांच्या पाठीवरची ओली पखाल गेली हे चांगलंच झालं. तिच्या ओझ्यानं त्यांचा खांदा म्हातारपणी कायमचा वाकला होता. ते कष्ट परत यावेत असं कोण म्हणेल? त्यांचं काम आता तारांनी आणि झडपांनी उचललं आहे. फक्त काम झालं की नाही, हे हात लावून पाहण्याचं तेवढं आपल्याकडे उरलं आहे, आणि तेच आपण विसरतो.

रविवारी सकाळी जावयानं डबी पुन्हा उतरवली आणि मला पेन्सिल दिली. "अब्बा, तुम्ही लिहा," म्हणाला. मी डबीमागच्या भिंतीवर मराठीत लिहिलं: 'झडपेची तार बी. वीज सोडली की ऊब.' आमची ही मागून वाचत होती. म्हणाली, पुढे हे घर दुसऱ्या कुणी घेतलं तर त्याला हे कळायचं कसं? तेव्हा जावयानं माझ्या ओळीखाली तेच इंग्रजीत लिहिलं, तारीख घातली आणि मग डबी बसवली.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)